सहा दिवसांची भाजी

टोमॅटोचा वास घेऊन टोमॅटो निवडणारा माणूस तिनं त्या सकाळी पहिल्यांदाच पाहिला, आणि तोही नेमकी ती घाईत असताना.

आठ वाजता तिला औषधांचं दुकान उघडायचं होतं. त्याआधी अकरा माणसांची सहा दिवसांची भाजी घ्यायची होती. मामाच्या भटक्या मंडळाची सहल दुसऱ्या दिवशी निघणार होती, आणि मंडळाचं स्वयंपाकघर गेली तीन वर्षं तिच्याच गळ्यात होतं. हातात यादी, यादीत प्रत्येक भाजीपुढे वजन, वजनापुढे ती कुठल्या दिवशी संपवायची तो वार. मंडळात तिला सगळे 'काटा' म्हणत. तराजूचा की बोचणारा, हे ज्यानं त्यानं आपापल्या अनुभवावरून ठरवावं.

आणि समोर हा! उंच, किडकिडीत, चष्मा कपाळावर ढकललेला. एकेक टोमॅटो उचलायचा, देठाशी नाक न्यायचं, डोळे मिटायचे, आणि मग देवाची मूर्ती ठेवावी तसा तो अलगद डाव्या किंवा उजव्या ढिगात ठेवायचा.

"अहो, जरा सरकता का?"

"एक मिनिट हं."

एक मिनिट झालं. दोन झाली. भाजीवाली मजेत बघत होती. तिला जणू फुकटचा खेळ लागला होता.

"किती दिवस टिकवायचेत तुम्हाला?" त्यानं मान वर न करताच विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय?"

"नाही... म्हणजे, आज खायचे असतील तर उजवीकडचे घ्या. पाच-सहा दिवस ठेवायचे असतील तर डावीकडचे. अर्धे कच्चे आहेत, देठ घट्ट आहेत, कुठे डाग नाही. फक्त आत्ता धुऊ नका. लोक घरी नेल्या नेल्या धुतात, आणि मग–"

"मला माहितीये," ती म्हणाली. तिला खरंच माहीत होतं, म्हणून तर जास्त राग आला. तिनं डावीकडचा अख्खा ढीग उचलून तागडीत टाकला.

"अहो, सगळे नका घेऊ! ते मी माझ्यासाठी काढले होते!"

"मग आणखी वास घ्या," ती गोड हसून म्हणाली. "ढीग केवढा पडलाय."

दुकानाचं शटर वर करतानासुद्धा ती स्वतःशी हसत होती. बरी जिरवली. आता तो माणूस जन्मात पुन्हा भेटायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता, मंडळाच्या बसच्या दारात, एका निळ्या राक्षसी पेटीवर बसलेला तोच माणूस तिला दिसला.

"ये ये, काट्या!" मामा म्हणाला. मामा शाळेत खेळाचा शिक्षक होता. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी गळ्यातली शिट्टी सुटली नव्हती. "हा आपला नवा सभासद. शीतगृहात इंजिनियर आहे. ट्रकच्या ट्रक भाजी हा गारेगार ठेवतो. म्हटलं, यंदा भाजीचं खातं याच्याकडे देऊन टाकू."

"मामा, स्वयंपाकघर माझ्याकडे आहे."

"आहेच की! स्वयंपाकघर तुझ्याकडे, भाजी याच्याकडे."

"म्हणजे भाजी स्वयंपाकघरात येत नाही का?"

अडचणीच्या प्रश्नाला मामाकडे एकच उत्तर असे. त्यानं जोरात शिट्टी फुंकली आणि सगळ्यांना बसमध्ये चढायला लावलं.

इंजिनियर पेटीवरून उठला. चष्मा आज नाकावर होता, त्यामुळे डोळे दिसले – मोठे, प्रामाणिक आणि जरासे घाबरलेले. "टोमॅटो... कसे आहेत?" त्यानं विचारलं.

"न धुतलेले," ती म्हणाली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.

बस थांबली तिथून नदीकाठच्या मैदानापर्यंत पाऊण तासाची पायवाट होती. तिचं सामान साधं होतं: तीन वेताच्या टोपल्या, गोणपाट, जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि सुती पंचे. त्याची ती निळी बर्फाची पेटी मात्र दोघांशिवाय उचलत नव्हती. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला बँकवाले काका. दर शंभर पावलांवर काका "थांबा हो" म्हणत आणि सगळी रांग थांबे.

"पेटीत पालक, कोथिंबीर, काकड्या, मिरच्या," तो धापा टाकत तिला समजावत होता. "बर्फ तीन दिवस पुरतो. हिशेब केलाय मी."

"झाकण किती वेळा उघडायचं धरलंत?"

"दिवसातून दोनदा."

तिनं मागे वळून मंडळाकडे एक नजर टाकली – घामाघूम झालेली, पाण्याच्या बाटल्या तोंडाला लावलेली नऊ माणसं. "तुम्ही माणसांबरोबर कधी राहिलायत का हो?"

तो खरंच विचारात पडला. "शीतगृहात जास्त कुणी येत नाही," तो म्हणाला.

मैदान सुरेख होतं. तीन मोठी झाडं, पलीकडे उथळ, खळखळणारी नदी. तंबू उभे राहिले आणि पेटी कुठल्या झाडाखाली ठेवायची यावरून दोघांची जी जुंपली, ती अर्धा तास चालली. तो म्हणत होता, हे झाड, सावली दाट आहे. ती म्हणत होती, ते झाड. याची सावली दुपारी दोननंतर सरकते आणि वाराही तिकडेच आहे. तो खिशातून होकायंत्र काढेपर्यंत वेळ आली.

तेवढ्यात नदीकडून शिट्टी वाजली.

मामा गुडघाभर पाण्यात उभा होता. पँट दुमडलेली, चेहऱ्यावर विजयी हसू. काठावर ओल्या गोण्यांची रांग लागली होती. "तुम्ही दोघं बोलत होतात, म्हटलं मुलांना कशाला त्रास द्यायचा! सगळी भाजी स्वच्छ धुऊन टाकली बघ! बटाटे, कांदे, टोमॅटो, गाजरं... बटाट्यांना माती किती होती ग! आणि परत गोणीत भरून तोंडंही बांधली, घट्ट!"

ती बघत राहिली. इंजिनियरही बघत राहिला. मग दोघांनी एकदमच एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्या चेहऱ्यांवर अगदी एकच भाव होता – आपलं मूल वर्गासमोर कविता विसरल्यावर आईबापांच्या चेहऱ्यावर असतो, तो.

"कांदेसुद्धा?" इंजिनियरनं क्षीण आवाजात विचारलं.

"कांदे तर दोन पाण्यातून काढले!" मामा म्हणाला.

त्या संध्याकाळी अंधार पडला होता आणि हातपाय गळाले होते, त्यामुळे गोण्यांची फक्त तोंडं सोडून ठेवता आली. दुसऱ्या दिवशी दुपारी पेटीचा निकाल लागला. नाश्त्यापासून जेवणापर्यंत झाकण किती वेळा उघडलं, हे तिनं सवयीनं मोजलं होतं. सत्तावीस वेळा. बँकवाल्या काकांना गार पाणी हवं होतं. मामीला रुमाल ओला करायचा होता. कुणी नुसतंच 'आहे का बर्फ अजून' म्हणून बघायला जात होतं. बर्फाचं केव्हाच पाणी झालं होतं आणि त्या पाण्यावर पालकाच्या जुड्या तळ्यातल्या शेवाळासारख्या तरंगत होत्या.

तो पेटीशेजारी उकिडवा बसला होता. तिनं मनातल्या मनात दोन-तीन चांगली वाक्यं तयार ठेवली होती, सकाळपासून घासून-पुसून. पण त्यानं एक काळवंडलेलं पान चिमटीत धरून वर उचललं आणि म्हणाला, "चुकलं माझं. माणसं हिशेबात धरलीच नाहीत." तेव्हा ती वाक्यं कुठल्या कुठे गेली.

"उठा," ती म्हणाली. "जवळचं गाव इथून पायी पाच तासांवर आहे, आणि बस शेवटच्या दिवशीच येणार. अजून चार दिवस काढायचेत. हात धुवा आणि पंचा घ्या."

सगळी दुपार त्यांनी बटाटे पुसले. झाडाखाली ताडपत्री अंथरली, त्यावर वर्तमानपत्रं. एकेक बटाटा पंच्यानं कोरडा करायचा आणि दुसऱ्याला न टेकेल असा ठेवायचा. सुकले की पुन्हा अंधारात, कागदात. कांदे दुसऱ्या टोकाला, वाऱ्यावर. मऊ पडलेले बाजूला, आज रात्रीच्या सूपसाठी. तिनं गाजरांचे शेंडे मुरगाळून टाकले.

"शेंडे ठेवले तर गाजरातलं पाणी–" तो सुरू झाला.

"पानं पिऊन टाकतात. माहितीये."

"आणि केळी टोमॅटोजवळ–"

"ठेवायची नाहीत. माहितीये हो! तुम्हाला काय वाटतं, मी इतकी वर्षं कशी भाजी टिकवली?"

"का ठेवायची नाहीत, ते माहितीये?"

ती थबकली. तिला माहीत नव्हतं. अनुभवानं शिकवलेलं होतं एवढंच. तिच्या गप्प बसण्यावर तो हसला नाही, की जिंकल्यासारखा दिसला नाही. उलट पुढे सरकून हलक्या आवाजात, गुपित सांगावं तसं, पिकणारी केळी हवेत काय सोडतात आणि शेजारचे कच्चे टोमॅटो ते कसं ऐकतात, हे सांगू लागला. खरंच 'ऐकतात' असं म्हणाला तो. ती पंचा हातात धरून ऐकत राहिली आणि मग आपण ऐकतोय हे लक्षात येऊन पुन्हा बटाट्यावर तुटून पडली.

"तुम्ही सगळ्यांना असंच चुका दाखवता का?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं. तक्रार नव्हती, नुसती चौकशी होती.

"सवय आहे. औषधांच्या दुकानात एक गोळी इकडची तिकडे झाली तर माणूस जातो." तिनं दोन बटाटे पुसले. मग, का कुणास ठाऊक, तिसरा पुसता पुसता बोलून गेली, "माझं लग्न ठरलं होतं मागच्या वर्षी. त्यानं मोडलं. म्हणाला, तुझ्याबरोबर राहिलं की सारखं परीक्षेला बसल्यासारखं वाटतं."

वाऱ्यानं एक कागद उडाला, तो त्यानं पायाखाली दाबला.

"मला परीक्षा आवडायच्या," अखेर तो म्हणाला.

"काय?"

"नाही... शाळेत. मजा यायची. निदान आपल्याला काय येत नाही ते तरी कळायचं." आणि कानापर्यंत लाल होऊन तो बटाटा पुसू लागला, तोच बटाटा, जो त्यानं आधी दोनदा पुसला होता.

ती उठून नदीवर गेली. उगीचच. तोंडावर पाणी मारलं, आणि हसू आलं ते पाण्याबरोबर पुसून टाकलं.

तिसऱ्या दिवशी तिनं तंबूच्या खांबाला कागद लावला. आज उरलेली पालेभाजी आणि काकडी. उद्या टोमॅटो, मिरच्या. परवा गाजरं, कोबी. शेवटी बटाटे, कांदे. नाजूक आधी, दणकट मागून. टोपल्या झाडाला टांगल्या, त्यांच्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं. वारा गोणपाटातून आत शिरायचा तो गार होऊनच. दर दोन तासांनी पाणी शिंपडायचं काम तिनं इंजिनियरला दिलं आणि तिथेच तिची चूक झाली. त्यानं मोबाईलवर गजर लावला. दर दोन तासांनी. दुपारी मंडळ झाडाखाली घोरत पडलेलं असताना तो गजर असा कोकलला की बँकवाले काका तंबूच्या दोरीत पाय अडकून पडले.

"दोन तास म्हणजे साधारण दोन तास!" ती ओरडली.

"साधारण म्हणजे किती?"

तिनं कपाळावर हात मारून घेतला. पण संध्याकाळी कोथिंबिरीची जुडी ओल्या पंच्यातून सोडवली तर ती ताजी, टवटवीत होती, आत्ता कापून आणल्यासारखी. दोघांची डोकी एकदमच जुडीवर वाकली. त्याचा चष्मा घसरला, तो तिच्या हातावर पडला, तिनं तो उचलून त्याच्या नाकावर बसवला, आणि मग दोघंही घाईघाईनं वेगवेगळ्या दिशेला निघाले.

चौथ्या दिवशी सगळे टोमॅटो एकदम लाल झाले होते. मामीनं 'रिकामी जागा दिसली म्हणून' केळ्यांचा घड त्याच टोपलीत ठेवला होता.

"मामी!" दोघं एका सुरात म्हणाले.

"बाई ग," मामी म्हणाली आणि दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. "किती छान ओरडता रे दोघं मिळून."

त्याच दुपारी तो टेकाडावर जाऊन आला. तिथे उभं राहिलं की फोनला जरा रेंज यायची. परत आला तेव्हा चेहरा गंभीर होता. ती पिकलेले टोमॅटो चिरत होती. आज सगळ्यांना टोमॅटोच खावे लागणार होते, तीन प्रकारे.

"कंपनीचा निरोप आहे," तो म्हणाला. "दूरच्या एका गावात नवं शीतगृह उभं राहतंय. प्रमुख म्हणून बोलावलंय. इथून दीड दिवसाचा प्रवास. परवा परत गेल्यावर उत्तर द्यायचं."

सुरी थांबली.

"जाऊ का?" त्यानं विचारलं.

आता हा काय प्रश्न झाला? चार दिवसांची ओळख. त्यात दोन दिवस भांडणात, एक बटाटे पुसण्यात. अशा माणसाला काय सांगायचं? नको जाऊस? का? कोण म्हणून? शिवाय मागच्या वेळी मन उघडं केलं होतं त्याचं काय झालं, ते ती विसरली नव्हती.

"जा की," ती म्हणाली. "मला काय विचारता?"

"हो," तो म्हणाला. "तेही खरंच." आणि गोणपाटावर पाणी शिंपडायला निघून गेला. गजर व्हायला अजून वीस मिनिटं होती.

पाचव्या दिवशी वर डोंगरात कुठेतरी पाऊस झाला असावा. मैदानात ऊन होतं, पण नदी सकाळपासून गढूळ दिसत होती. उरलेला कोबी, गाजरं आणि लोण्याचा डबा त्यांनी झाकणाच्या टोपलीत घालून नदीच्या एका शांत वळणात ठेवला होता, दगडाला दोरीनं बांधून. जागा तिची, गाठ त्याची.

ती पाणी आणायला गेली तेव्हा दगड दिसत नव्हता. पाणी बघता बघता चढत होतं. टोपली दोरीला हिसके देत होती. तिनं हाक मारली, "अहो, टोपली!" – आणि तो धावत आला, चष्मा काढून गवतावर ठेवला आणि तिला काही कळायच्या आत पाण्यात शिरला.

गुडघ्यापर्यंत ठीक होतं. मग कंबर. दोरी तुटली. टोपली गिरकी घेऊन प्रवाहाकडे निघाली आणि हा माणूस चष्म्याशिवाय, अंदाजानं तिच्यामागे निघाला.

"सोडा ती! परत या!"

त्याला ऐकू गेलं नाही, किंवा पटलं नाही. एक पाय निसटला. तो डोक्यासकट पाण्याखाली गेला, वर आला, पुन्हा हात टोपलीकडेच.

"अरे मूर्खा!" तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "सोड तो कोबी! मरू दे तो कोबी! आधी बाहेर ये तू! ऐकतोयस का? बाहेर ये!"

ती पोटरीभर पाण्यात होती तेव्हा तो एका फांदीला धरून तिच्यापर्यंत पोचला. तिनं त्याची कॉलर पकडली आणि मांजराच्या पिल्लाला ओढावं तसं काठावर ओढलं. त्याच्या हातात टोपलीचं झाकण होतं. नुसतं झाकण. पलीकडे कोबीचे दोन हिरवे गड्डे डोलत डोलत नजरेआड झाले.

मंडळ धावत जमलं. मामा शिट्टी तोंडात धरून उभा राहिला, पण फुंकायचं विसरला.

घोटा सुजला होता. तिनं औषधांची पेटी आणली, त्याचा पाय मांडीवर घेतला आणि पट्टी बांधू लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तिला पुसता येत नव्हतं, कारण दोन्ही हात अडकलेले होते. याचाही तिला राग आला.

"तुम्ही मला मूर्ख म्हणालात," तो हळूच म्हणाला.

"म्हणाले. पुन्हा म्हणते. दोन कोबीसाठी?"

"तुमच्या यादीत आज कोबी होता..."

"यादी!" तिनं पट्टीला अशी गाठ मारली की तो कळवळला. "यादी मी केलीये, मी बदलीन! माणूस बदलून मिळतो का?"

त्यानं मान खाली घातली. ओल्या केसांतून पाणी टपकत होतं. चष्म्याविना चेहरा अगदीच लहान मुलासारखा दिसत होता. "मी फार त्रास दिला तुम्हाला," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. सारख्या चिडलेल्या असता माझ्यामुळे. उद्या परतलो की सुटाल."

यावर या माणसाला काय बोलावं? एवढी बुद्धी देऊन देवानं शेवटी असा हात का आखडता घेतला असेल? ती उठली, औषधांची पेटी धाडकन मिटली आणि तरातरा निघून गेली.

रात्रीच्या जेवणाला बटाटे होते, कांदे होते आणि भात होता. वाळवलेल्या बटाट्यांतला एकही सडला नव्हता. सगळे बोटं चाटत जेवले. कोबीची आठवण कुणालाच झाली नाही.

"पाच दिवस भाजी टिकली!" मामा ढेकर देऊन म्हणाला. "मी म्हणतच होतो. आल्या आल्या स्वच्छ धुऊन ठेवली की असंच टिकतं."

तिनं शेकोटीपलीकडे पाहिलं. इंजिनियरही तिच्याकडेच बघत होता, ओठ घट्ट दाबून. क्षणभर दोघांचंही हसू फुटायच्या बेतात होतं. मग त्याला आपण त्रास आहोत हे आठवलं असावं. त्यानं नजर खाली वळवली.

परतीच्या बसमध्ये तो पुढे बसला, पाय निळ्या पेटीवर ठेवून. ती मागे, मामीशेजारी. पाठमोऱ्या मानेकडे ती तीन तास बघत होती. किती वेळा वाटलं, आता वळेल. एकदा वळलाही आणि ड्रायव्हरला विचारलं, "ही बस उशिरा तर पोचणार नाही ना?"

"काय झालं ग?" मामी म्हणाली. "दात का खातेयस?"

"काही नाही. माणसं इतकी कशी मठ्ठ असतात, त्याचा विचार करतेय."

"कुठली माणसं?"

मामीनं खिडकीबाहेर बघत, अगदी सहज म्हटलं, "तुझ्या मामाला मी लग्नाचं विचारलं तेव्हा तो मला कबड्डीचे नियम सांगत होता. मी मध्येच थांबवून विचारलं. थांबले असते, तर अजून नियमच ऐकत बसले असते."

बसस्थानकावर मंडळ पांगलं. मामानं शेवटची शिट्टी फुंकली, पिशव्यांची ओळख पटवून झाली, बँकवाले काका रिक्षात बसले. इंजिनियर पेटी ढकलत, लंगडत, पलीकडच्या फलाटाकडे निघाला होता. त्याच्या भागात जाणारी बस लागलेली होती. त्यानं सगळ्यांना हात केला. तिलाही केला. सगळ्यांना केला तसाच.

ती चार पावलं घरच्या दिशेनं गेली. मग उभी राहिली. मग पिशवी मामीच्या हातात कोंबली आणि वळली.

"थांब!"

स्थानकावरची दहा-बारा माणसं थांबली. तोही थांबला.

"फोन केलास?" ती धापा टाकत त्याच्यासमोर उभी राहिली. "कंपनीला? उत्तर दिलंस?"

"घरी जाऊन देणार होतो. जातो म्हणून."

"का?"

"म्हणजे... तुम्हीच म्हणालात. मी विचारलं होतं. 'जाऊ का', तर तुम्ही 'जा' म्हणालात."

"अरे देवा," ती म्हणाली. तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "अरे, चार दिवसांच्या ओळखीत एखादी मुलगी 'नको जाऊस' असं म्हणेल का? टोमॅटो चिरता चिरता? तुला हवेत काय आहे ते कळतं, गाजराच्या मनात काय आहे ते कळतं, आणि समोरच्या माणसाचं काहीच कळत नाही?"

"पण तुम्ही चिडता माझ्यावर. सतत."

"चिडते! मामावर चिडते, मामीवर चिडते. जे माझे आहेत त्यांच्यावरच चिडते मी! बँकवाल्या काकांनी सत्तावीसपैकी अकरा वेळा झाकण उघडलं, त्यांना एक शब्द बोलले का?"

तो बघत राहिला. ओठ किंचित हलले. जणू मनातल्या मनात काहीतरी नव्यानं मांडून बघत होता. आणि मग त्याच्या चेहऱ्यावर ते हळूहळू चढत गेलं – आधी डोळ्यांत, मग गालांवर, मग कानांच्या पाळ्यांपर्यंत.

पलीकडे कंडक्टरनं घंटा वाजवली. "ओ साहेब, पेटीवाले! येताय का?"

"मी फार बोलते," ती म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. "चुका काढते. मोजते. ते काही जायचं नाही माझं. मी प्रयत्न करून पाहिला... वर्षभर गप्प राहून पाहिलं. ते तुला आधीच सांगितलेलं बरं."

"मी खूप समजावून सांगतो," तो म्हणाला. "न विचारता."

"माहितीये."

"आणि गजर लावतो."

"तेही माहितीये."

कंडक्टरनं पुन्हा घंटा वाजवली, या वेळी वैतागून. तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं एकदा बसकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि नुसताच उभा राहिला. शब्दांची वाट बघत, बिचारा! तिच्या सहनशक्तीचा अगदी शेवटचा धागा तुटला.

"आता परत विचार ना!" ती म्हणाली.

"काय?"

"जे परवा विचारलं होतंस, ते!"

त्यानं पेटीचं हॅण्डल सोडलं. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. एक पाऊल लंगडत पुढे आला. आणि पहिल्यांदाच तिला 'तू' म्हणाला.

"तू सांग," तो म्हणाला. "...जाऊ का मी?"

"नको," ती म्हणाली.

बस निघून गेली. कंडक्टरनं दारातून काहीतरी हातवारे केले. त्याचा अर्थ लावायला त्या दोघांना सवड नव्हती.